वाचकांचे प्रश्न : पेन ड्राइव्हएवढा बोर्ड आणि त्याचे तोंड

मागील अंकात एका वाचकाला उत्तर देताना या सदरात सहज लिहून गेलो होतो, की यूएसबीवर चालणारा छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपेतला छोटा संगणक) बोर्ड छंद म्हणून घरी डिझाइन करता येतो आणि त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. त्या एका वाक्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील सात येथे घेतली आहेत. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे न छापता केवळ पेठ किंवा गाव दिले आहे आणि पत्रांतील मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आर्डुइनोवर (शिकण्यासाठीच्या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डावर) बरीच कामे करून झाली. आता पेन ड्राइव्हसारखा थेट लॅपटॉपला लागेल आणि खिशात मावेल असा स्वतःचा बोर्ड करायचा आहे. मित्र एटीटाइनी८५, एटीमेगा३२यू४, सीएच५५२ आणि आरपी२०४० अशी चार चिपांची नावे सांगतात. यांतली कोणती घ्यावी? (जुळे सोलापूर)

उत्तर : चिपेचा प्रश्न तुम्ही पहिला विचारला आहे, पण माझ्या मते तो दुसरा आहे. खिशातल्या बोर्डाच्या बाबतीत आधी त्याचे तोंड ठरवावे लागते, म्हणजे तो संगणकाला कोणत्या कनेक्टरने जोडला जाणार हे ठरवावे लागते; कारण बोर्डाची रुंदी, जाडी, मुलामा, किती रेझिस्टर लागतील आणि तो किती दिवस टिकेल, हे सगळे तेथूनच ठरत जाते. चिप चुकली तर पुढच्या वेळी बदलता येते, पण तोंड चुकले तर बोर्ड संगणकात शिरतच नाही.

यूएसबी-ए, म्हणजे पेन ड्राइव्हचे चपटे तोंड, हवे असेल, तर वेगळा कनेक्टर न घेता पीसीबीचेच (ज्यावर तांब्याच्या रेषा असतात त्या बोर्डाचेच) टोक प्लगसारखे कापून घेण्याची युक्ती बरेच जण वापरतात. त्यात पैसे वाचतात आणि बोर्ड देखणा दिसतो, परंतु एक गोष्ट पहिल्याच बोर्डाला नडते. पीसीबी सर्वसाधारणपणे १.६ मिमी जाडीचे मिळते आणि यूएसबी-ए सॉकेटमध्ये अशी पट्टी सैल बसते. जरा धक्का लागला की संपर्क तुटतो. घट्ट बसण्यासाठी जाडी २ ते २.४ मिमी लागते. त्यामुळे पीसीबी मागवतानाच २ मिमी जाडी निवडावी, किंवा १.६ मिमीच्या बोर्डाला मागच्या बाजूने जाड कागदाची पट्टी चिकटवावी. टोकाची रुंदी १२ मिमी ठेवावी. टोकावरच्या तांब्याच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड (विजेची परतीची वाट), मधल्या दोन डेटा पट्ट्यांपेक्षा पुढे काढाव्यात. खऱ्या प्लगमध्येही त्या तशाच असतात, म्हणजे खोचताना आधी वीज जोडली जाते आणि मग डेटा. मुलामा कथिलाचा घेतल्यास दहा-वीस वेळा खोचून काढल्यावर तो खरवडला जातो. म्हणून चार पैसे जास्त देऊन एनिग या नावाने मिळणारा सोन्याचा पातळ मुलामा घ्यावा. यूएसबी-सी निवडल्यास मात्र कनेक्टर विकतच आणावा लागतो आणि त्याचे वेगळे पथ्य आहे. ते खाली तिसऱ्या उत्तरात पाहावे.

आता चिप. एटीटाइनी८५ मध्ये यूएसबीचे हार्डवेअरच नाही. व्ही-यूएसबी नावाचा प्रोग्रॅम चिपेच्या दोन पिना वेळेवर वरखाली करून यूएसबीची नक्कल करतो, तीही सेकंदाला १५ लाख बिटांच्या सर्वांत मंद गतीने. ही कारागिरी थक्क करणारी आहे यात शंका नाही. परंतु ८ किलोबाइट मेमरीतली काही या नकलेलाच जाते, सहा पिनांपैकी दोन यूएसबीला जातात आणि एक रीसेटची असते. त्यातून या मंद गतीच्या उपकरणांना यूएसबीच्या नियमांनुसार सीरिअल पोर्ट (संगणकाशी मजकूर व आकडे एकामागून एक देण्याघेण्याची सरळ वाट) होता येत नाही. एटीमेगा३२यू४ मध्ये खरे यूएसबी आहे, ३२ किलोबाइट मेमरी आहे आणि आर्डुइनो लिओनार्डोची हीच चिप असल्यामुळे तुमचे जुने प्रोग्रॅम जवळपास तसेच चालतील. मात्र तिला ४४ पाय आहेत, चिपेला ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, डेटाच्या दोन तारांवर प्रत्येकी २२ ओमचे रेझिस्टर लागतात आणि यूकॅप नावाच्या पिनवर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो कपॅसिटर विसरणारे बरेच भेटतात.

आरपी२०४० ही २०२१ साली आलेली, दोन कोअरची आणि २६४ किलोबाइट रॅमची दणकट चिप आहे. तिचा बूट करणारा प्रोग्रॅम रॉममध्येच असल्यामुळे चुकीचा प्रोग्रॅम भरून ती कायमची बंद पाडता येत नाही, ही नवशिक्यासाठी मोठीच सोय. पण प्रोग्रॅम साठवायला बाहेर वेगळी फ्लॅश चिप लागते. शिवाय ५६ संपर्क ७ मिमीच्या चौकोनात, ०.४ मिमी अंतराने, पोटाखाली दडलेले असतात. साध्या सोल्डरिंग आयर्नने हे पहिल्या प्रयत्नात जमले, असे सांगणारा मला अद्याप भेटलेला नाही.

म्हणून पहिल्या बोर्डासाठी माझे मत सीएच५५२जी या चिपेला आहे. हिचे सोळा पाय १.२७ मिमी अंतरावर असतात, म्हणजे चष्मा लावणाऱ्या माणसालाही ते सोल्डर करता येतात. क्रिस्टल लागत नाही, यूएसबी बूटलोडर (यूएसबीवरून आपला प्रोग्रॅम चिपेत भरून घेणारा प्रोग्रॅम) कारखान्यातूनच भरून येतो, आणि ५ व्होल्टवर चालवताना एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वीज पिनेवर व दुसरा व्ही३३ या पिनेवर दिला की चिप चालू होते. प्रोग्रॅमसाठी १६ पैकी १४ किलोबाइट मिळतात. जुन्या ८०५१ घराण्यातली ही चिप आहे आणि तंत्रनिकेतनात तुम्हाला ८०५१ शिकवला असेलच. परीक्षेनंतर तो उपयोगी पडण्याची ही दुर्मीळ संधी समजा. लिहिलेला प्रोग्रॅम चिपेच्या भाषेत बदलणारा एसडीसीसी हा मोफत कंपायलर तिच्यासाठी चालतो.

ड्रॉइंगसाठी किकॅड वापरा. १९९२ साली फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारा यांनी सुरू केलेले आणि पुढे सर्न या संशोधन संस्थेने हातभार लावलेले हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. लेआउट, म्हणजे बोर्डावरच्या भागांची मांडणी, करताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपेच्या वीज पिनेला अगदी लागून, दोन-तीन मिमीच्या आत ठेवा. चिपेच्या पिना वरखाली होताना क्षणभर मोठा प्रवाह लागतो आणि तो लांबच्या ट्रॅकमधून (तांब्याच्या रेषेतून) वेळेत पोचत नाही. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या आपल्या शहरात गच्चीवर टाकी असली, तरी ओट्यापाशी भरलेली कळशी लागतेच, तसा हा कपॅसिटर आहे; तो बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यास टाकीशेजारी कळशी ठेवल्यासारखे होते. दुसरी, डेटाचे दोन ट्रॅक शेजारी-शेजारी, आखूड आणि खाली ग्राउंडचे तांबे ठेवून न्या. ९० ओमच्या इम्पीडन्सचे गणित वाचून घाबरू नका. सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांच्या गतीला दीड-दोन सेंटीमीटर अंतरात त्याने फरक पडत नाही.

प्रश्न : सीएच५५२ चा बोर्ड केला. लॅपटॉपला लावल्यावर कधी ‘यूएसबी उपकरण ओळखता आले नाही’ असा संदेश येतो, कधी काहीच होत नाही. चिप खराब आली असावी का? (विजापूर रोड)

उत्तर : चिप खराब असण्याची शक्यता सर्वांत शेवटी तपासावी. आधी केबल मध्ये असेल तर ती बदलून पाहा. चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत विजेच्या दोनच तारा असतात, आणि त्यांच्यामुळे माणसे अख्खी संध्याकाळ घालवतात. मीही घालवली आहे.

त्यानंतर प्लगच्या पट्ट्यांचा क्रम तपासा. ५ व्होल्ट, डी मायनस, डी प्लस, ग्राउंड असा तो क्रम आहे, पण तो कोणत्या बाजूने वाचायचा याचा घोळ होतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या बोर्डाची हकिगत सांगतो. सॉकेटचे चित्र समोर ठेवून मी प्लगचे फुटप्रिंट (बोर्डावरच्या त्याच्या जागेचा आराखडा) काढले. सॉकेट आणि प्लग एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, एवढे ध्यानात आले नाही. तयार होऊन आलेल्या पाचही बोर्डांवर ५ व्होल्टच्या जागी ग्राउंड होते. पहिला बोर्ड खोचताच लॅपटॉपने तो पोर्ट बंद केला आणि चिपेवर बोट ठेवले तर चटका बसला. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी पांघरता येते, पीसीबीला ती सवलत नाही.

तेव्हापासून मी एक नेम पाळतो. बोर्ड मागवण्यापूर्वी त्याचे चित्र १०० टक्के मापात कागदावर छापतो, पुठ्ठ्यावर चिकटवून कापतो आणि तो पुठ्ठ्याचा बोर्ड खरोखरच सॉकेटमध्ये घालून पाहतो. मग यूएसबीची एक्स्टेंशन केबल चार्जरला लावून तिच्या सॉकेटमधल्या कोणत्या कडेच्या पट्टीवर ५ व्होल्ट येतात, हे मल्टिमीटरने मोजतो आणि पुठ्ठ्यावर त्या जागी पेनाने खूण करतो. किकॅडमधल्या नावाशी ती खूण जुळली, तरच फाइल पाठवतो. खऱ्या बोर्डालाही पहिली वीज देण्यापूर्वी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटरचा बीप वाजत नाही ना, ते पाहतो, आणि पहिली चाचणी लॅपटॉपवर न घेता एखाद्या स्वस्त हबवर घेतो.

तुमच्या बोर्डाच्या लक्षणांवरून मात्र वीज बरोबर असून डी प्लस आणि डी मायनस यांची अदलाबदल झाली असावी. पूर्ण गतीचे (सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांचे) उपकरण डी प्लसची तार १.५ किलोओमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे ओढून ‘मी आलो आहे’ असे संगणकाला कळवते. सीएच५५२ मध्ये ही सोय आतच आहे. मंद गतीचे उपकरण हेच डी मायनसवर करते. तारा उलट झाल्या की संगणक तुमच्या बोर्डाला मंद गतीचा समजून त्या गतीने बोलू लागतो, बोर्ड त्याच्या गतीने उत्तरे देतो, आणि संगणक कंटाळून तो संदेश दाखवतो. सुदैवाने यात काही जळत नाही. ब्लेडने दोन्ही ट्रॅक कापा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून सर्वांत बारीक इनॅमल तारेचा वीतभर तुकडा आणा, टोकांचे इनॅमल खरवडून दोन तारा तिरप्या जोडा. बोर्ड चालू झाला तर निदान खरे ठरले.

एवढे करूनही काहीच दिसत नसेल, तर चिप बूटलोडरमध्ये जात नसेल. वीज देतेवेळी डी प्लसची पिन १० किलोओमने व्ही३३ कडे ओढलेली हवी. त्यासाठी बोर्डावर एक बटण असावे, ते दाबून धरूनच बोर्ड खोचावा आणि प्रोग्रॅम भरण्याचे सॉफ्टवेअर आधीच तयार ठेवावे, कारण बूटलोडर फार वेळ थांबत नाही.

प्रश्न : माझा यूएसबी-सी बोर्ड जुन्या केबलने उत्तम चालतो, परंतु दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावल्यास दिवासुद्धा लागत नाही. कनेक्टर तीनदा बदलला. (बार्शी)

उत्तर : चौथ्यांदा बदलू नका. पत्राबरोबरच्या तुमच्या सर्किटच्या रेखाचित्रात कनेक्टरच्या सीसी१ आणि सीसी२ या पिना मोकळ्या सोडलेल्या दिसतात, दोष तेथे आहे. यूएसबी-ए च्या पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून जुन्या केबलने बोर्ड चालतो. यूएसबी-सी चा पोर्ट मात्र समोर कोणी आहे याची खात्री पटेपर्यंत वीज सोडतच नाही, आणि ती खात्री त्याला सीसी पिनेवरच्या ५.१ किलोओमच्या रेझिस्टरने पटते. तेव्हा सीसी१ पासून ग्राउंडला एक आणि सीसी२ पासून ग्राउंडला दुसरा, असे दोन स्वतंत्र रेझिस्टर द्या. दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर देण्याचा मोह आवरा. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत नेमके हेच झाले होते; साध्या केबलवर तो चालायचा, पण आत ओळखचिप असलेल्या लॅपटॉपच्या केबलवर चार्जर त्याला ऑडिओ अडॅप्टर समजून वीज नाकारायचा. तेवढ्या अनुभवी मंडळींकडून जे निसटले, ते तुमच्याकडून निसटले याचे वाईट वाटून घेऊ नये.

तयार बोर्डावर दुरुस्ती करायची झाल्यास कनेक्टरच्या पायांपाशी ०६०३ मापाचे दोन रेझिस्टर उभे करून सोल्डर करता येतात. काम किचकट आहे, पण होते.

प्रश्न : आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. मागाचे पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजून तो आकडा थेट ऑफिसातल्या संगणकात यावा, म्हणून मुलाने असा छोटा बोर्ड केला आहे. तो की-बोर्ड असल्याचे भासवून एक्सेलमध्ये आकडे टाइप करतो. टेबलावर छान चालतो. मागावर लावण्यापूर्वी काय काळजी घ्यावी? (अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत)

उत्तर : मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. ड्रायव्हर न टाकता संगणकाशी बोलण्याचा की-बोर्ड हा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे त्याने अचूक हेरले. परंतु की-बोर्ड जेथे कर्सर असेल तेथे टाइप करतो. आपले मुनीम बँकेचे पान उघडून बसले असतील, तर पिकचे आकडे त्या पानावर उमटतील. टेबलावर हा दोष दिसत नाही, कारण तेथे एक्सेलच उघडलेले असते. म्हणून आकडे सीरिअल पोर्टने पाठवावेत आणि संगणकावरच्या छोट्या प्रोग्रॅमने ते फाइलमध्ये लिहावेत, असे मी सुचवीन.

वेगाची चिंता नको. मिनिटाला १२० पिक धरले, तरी दोन पिकांमध्ये अर्धा सेकंद असतो, आणि १६ मेगाहर्ट्झच्या चिपेसाठी तो ८० लाख ठोक्यांचा निवांत काळ आहे. खरी काळजी तीन गोष्टींची आहे.

मागावरचे प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेली वस्तू ओळखणारे) बहुधा २४ व्होल्टवर चालतात आणि चिपेला ५ व्होल्टच सोसतात. सेन्सरची तार सरळ पिनेला जोडल्यास चिप जाईल, आणि दुर्दैव असेल तर पाठोपाठ संगणकाचा पोर्टही जाईल. मध्ये पीसी८१७ सारखा ऑप्टोकप्लर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) द्यावा. त्याच्या आतल्या एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या २२.८ व्होल्टसाठी ४.७ किलोओमचा रेझिस्टर दिल्यास साधारण ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, जो पुरेसा आहे, आणि रेझिस्टरमध्ये खर्च होणारी शक्ती ०.११ वॅट येते, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर चालतो. मागाचे ग्राउंड आणि संगणकाचे ग्राउंड एकमेकांना जोडू नये. ऑप्टोकप्लर देण्याचा हेतूच त्यांना वेगळे ठेवण्याचा आहे.

वीज गेल्यावर आकडा टिकावा म्हणून मुलगा तो प्रत्येक पिकला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहीत असल्याचे आपण कळवले आहे. येथे थोडे गणित करू. त्याने घेतलेल्या एटीमेगा३२यू४ च्या ईईप्रॉमची एक जागा १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. मिनिटाला १२० वेळा लिहिल्यास १ लाख लेखने ८३३ मिनिटांत, म्हणजे चौदा तासांच्या आत संपतात. दोन पाळ्या पूर्ण होण्याआधी त्या जागेची हमी संपेल, आणि पुढे कधीतरी आकडे चुकू लागल्यावर संशय मागावर जाईल, सेन्सरवर जाईल, जॉबरवर (मागाच्या मिस्त्रीवर) जाईल. ईईप्रॉमवर कोणाचाच जाणार नाही. दर शंभर पिकांनी एकदा लिहावे आणि प्रत्येक वेळी पुढच्या जागी लिहीत फिरत राहावे. शेवटचे शंभरेक पिक हुकले तर हिशेबाला मोठासा धक्का लागत नाही.

तिसरी गोष्ट टेरी टॉवेलच्या कारखान्यात सांगायला नको, ती म्हणजे तूस. उघड्या यूएसबी-ए पट्टीवर आणि सॉकेटमध्ये आठवडाभरात तुसाचा थर बसेल. बोर्ड झाकणाच्या डबीत ठेवावा, संगणकापर्यंत केबल आणावी आणि डबीच्या भोकाला रबरी ग्रोमेट लावावा. मागाशेजारी पेन ड्राइव्हच्या आकाराचा काय उपयोग, असा प्रश्न यावर पडेल. तो रास्त आहे. येथे बोर्ड लहान असण्यापेक्षा झाकलेला असणे महत्त्वाचे.

प्रश्न : पीसीबी बाहेरून न मागवता इस्त्री आणि फेरिक क्लोराइड वापरून घरी करावे का? (भवानी पेठ)

उत्तर : एकदा अवश्य करावे, दर वेळी करू नये. सीएच५५२जी सारख्या चिपेचा, एकाच बाजूला तांबे असलेला बोर्ड घरी होतो. ट्रॅक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठेवू नयेत. चित्र लेझर प्रिंटरवरच, गुळगुळीत कागदावर छापावे, कारण इस्त्रीच्या उष्णतेने तांब्याला चिकटतो तो टोनर. इंकजेटची शाई चिकटत नाही. चिप तांब्याच्याच बाजूला बसणार असल्यामुळे चित्र उलटे छापावे लागते, आणि कागद दाबला की ते सुलट होते. तांबे आधी भांडी घासण्याच्या घासणीने चकचकीत करावे व त्यानंतर बोट लावू नये. कागद भिजवून हलक्या हाताने काढावा. घाईने ओढल्यास ट्रॅकही कागदाबरोबर निघून येतो.

टोनरने न झाकलेले तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड कोमट असताना लवकर काम करते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे गच्चीवर प्लॅस्टिकचा डबा ठेवला की ते आपोआप साधते. सोलापूरच्या उन्हाचा एवढा एक उपयोग मला ठाऊक आहे. हातमोजे घालावेत, स्टीलचे भांडे किंवा बेसिन जवळ आणू नये, आणि कपड्यावर पडलेला डाग जात नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. द्रावण पुन्हा वापरता येते. निकामी झाल्यावर मात्र ते मोरीत ओतू नये, कारण त्यात विरघळलेले तांबे असते. धुण्याचा सोडा थोडा-थोडा टाकून फेस येणे थांबेपर्यंत ते शांत करावे, गाळ खाली बसू द्यावा आणि तो बंद बाटलीत वेगळा ठेवून घातक कचरा म्हणूनच द्यावा.

घरच्या बोर्डाच्या टोकाला मात्र प्लग करू नये. उघडे तांबे काळे पडते आणि सोल्डर फासल्यास त्याचे उंचवटे सॉकेटच्या पट्ट्या वाकवतात. सोल्डर करायचा यूएसबी-ए प्लग सुटा मिळतो, तो लावावा. येथील दुकानांत साधे रेझिस्टर-कपॅसिटर मिळतात, पण असे प्लग आणि एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायच्या) चिपा मिळतीलच असे नाही. पोस्टाने मागवायचे नसेल, तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन पासोड्या विठोबाच्या परिसरातली दुकाने पालथी घालून रात्री परत येता येते. हातात घेऊन पाहिलेल्या कनेक्टरचे फुटप्रिंट सहसा चुकत नाही.

प्रश्न : माझ्या बोर्डाचे वीस नग करून मित्रांना विकायचे आहेत. यूएसबीचा ‘व्हेंडर आयडी’ विकत घ्यावा लागतो का? (पंढरपूर)

उत्तर : यूएसबीची संघटना हा, उपकरण कोणत्या उत्पादकाचे ते संगणकाला सांगणारा, क्रमांक ६,००० डॉलरना देते; वीस बोर्डांसाठी तो घेणे म्हणजे सायकलच्या घंटीसाठी सायकलचे दुकान विकत घेण्यासारखे आहे. तुमचे डिझाइन आणि प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले असतील, तर हेक्साडेसिमल १२०९ या व्हेंडर आयडीखाली एक प्रॉडक्ट आयडी विनामूल्य मिळण्याची सोय एका स्वयंसेवी उपक्रमाने केलेली आहे. त्यासाठी अर्ज करा. कोणाही कंपनीचा क्रमांक परस्पर उचलू नका, कारण मग त्या कंपनीचा ड्रायव्हर तुमच्या बोर्डाला आपला समजून चिकटतो आणि मित्र पैसे परत मागतात.

प्रश्न : मी नववीत आहे. मला एसएमडी चिप सोल्डर करायची आहे, पण पाय फार जवळजवळ आहेत आणि भिंगाचा स्टँड महाग आहे. दोनदा पाय एकमेकांना चिकटले. (होटगी रोड)

उत्तर : पाय चिकटले म्हणून चिप फुकट गेली असे समजू नकोस. तुला भिंगापेक्षा फ्लक्सची (सोल्डर नीट पसरवणाऱ्या पदार्थाची) गरज आहे. सोल्डरच्या तारेत असतो तेवढा फ्लक्स या कामाला पुरत नाही. छोट्या डबीतला वेगळा आण आणि पायांवर सढळ हाताने लाव. चिप चिमट्याने जागेवर धरून आधी एका कोपऱ्याचा एकच पाय चिकटव. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठे करून सगळे पाय आपापल्या पॅडवर आले आहेत का ते पाहा. नसतील तर तो एक पाय पुन्हा तापवून चिप सरकवता येते, दुसरा पाय चिकटवल्यावर मात्र ती सरकत नाही. चिपेवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय; तो बोर्डावरच्या खुणेशी जुळतो ना, हेही याच वेळी पाहा. नंतर समोरच्या कोपऱ्याचा पाय चिकटव आणि मग बाकीचे.

शिकताना ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर सोपे जाते, कारण ते १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. त्यात शिसे आहे, म्हणून खिडकी उघडी ठेव, धूर तोंडावर घेऊ नकोस आणि जेवणापूर्वी हात साबणाने धू.

पाय चिकटलेच, तर सोल्डर विक म्हणून मिळणारी तांब्याची वेणी त्या जागेवर ठेव, तिलाही थोडा फ्लक्स लाव आणि वरून तापलेले आयर्न टेकव; जास्तीचे सोल्डर वेणीत शोषले जाईल. वेणी आणि आयर्न एकाच वेळी उचल. आधी आयर्न उचललेस तर वेणी पॅडला चिकटून बसते, आणि मग ती ओढताना पॅड उखडून येते.